इंदूरच्या बाई, झाशीच्या बाई आणि आमच्या घरमालकीणबाई

परभणी जिल्ह्यात, किंबहुना अख्ख्या मराठवाड्यात, इतिहासातल्या बायांशी आमच्या घरमालकीणबाईंइतकी घसट असलेलं दुसरं माणूस सापडायचं नाही. नवऱ्याला त्या भर बाजारात "ओ नागनाथ!" अशी हाक मारतात, पण या थोर बायांचं नाव चुकूनही घेत नाहीत. आदर! त्यांच्या तोंडी त्या नुसत्या इंदूरच्या बाई, झाशीच्या बाई, अंगावर शेण झेलून शाळा चालवणाऱ्या पुण्याच्या बाई. लढाईत एक्स-रेच्या गाड्या घेऊन फिरलेल्या शास्त्रज्ञ बाई म्हणजे पोलंडच्या बाई, "माहेर पोलंड, सासर फ्रान्स." मी खोली बघायला गेले तेव्हा पगार, जात, मटण, काही म्हणजे काही विचारलं नाही. "इंदूरच्या बाईंनी काशीला काय बांधलं?" एवढंच. मी घाबरून "देऊळ" म्हणाले आणि खोली मिळाली. माझ्या आधी आलेले बँकेतले एक साहेब "पूल" म्हणाले होते म्हणे. ते अजून लॉजवर राहतात.

नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत घागरींच्या आधी भांडण भरतं. मग बाई ओट्यावरून कडाडतात, "आगं, इंदूरच्या बाईंनी मुलखाभर विहिरी बांधल्या, आन् तुमी एका नळावर भांडायलाव!" भांडण काही थांबत नाही, फक्त दोन्ही बाजू एक होऊन बाईंवर उलटतात. छातीचा एक्स-रे काढायला गेल्या तर यंत्रापुढे हात जोडून उभ्या. "पोलंडच्या बाईंचं यंत्र हाय, तसंच कसं उभं राहू?" फोटोत फुप्फुसं राहिली मागे आणि दहा बोटं आली पुढे. पोखर्णीच्या नृसिंहाला जाताना बसमध्ये बायकांचं अर्धं तिकीट घ्यायला साफ नकार. "झाशीच्या बाई काय अर्ध्याच लढल्या?" कंडक्टर रडकुंडीला आला. "मावशी, पूर्ण पायजे तर यंत्रात पुरुष म्हणून टाकावं लागंल." "टाक की मग!" अशा रीतीने बाई पुरुष होऊन पोखर्णीला पोचल्या. येताना तिकिटं नागनाथअप्पांनी गुपचूप काढली. अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे, पण उभ्या जन्मात या माणसाचा आवाज म्हणून कुणी ऐकलेला नाही.

एका वर्षी माझे वडील, आमचे अण्णा, गेले आणि आई बोरीहून माझ्याकडे राहायला आली. संक्रांत आली की हळदीकुंकवासाठी सगळं बोरी पालथं घालणारी माझी आई इथे भिंतीकडे तोंड करून बसू लागली. दाराबाहेर पाऊल नाही. मी समजावलं, रागावले, रडले; छे! असं बसून बसूनच ती एक दिवस संपून जाईल, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

संक्रांतीला बाईंनी हळदीकुंकू केलं. त्यांच्याकडे तिळगुळाबरोबर एका थोर बाईंची गोष्टही वाणात मिळते आणि ती संपल्याशिवाय चहा येत नाही. बैठक भरली तशा बाई उठल्या आणि तडक आमच्या खोलीत आल्या. आईचा हात धरला.

"मला कशाला वो बाई? मी कशी येऊ आता?"

"पायानं या," बाई म्हणाल्या आणि आईला ओढतच घेऊन गेल्या.

समोरच्या मास्तरीणबाई हळूच पुटपुटल्या, "बाई, शुभाचं काम हाय..."

मग काय विचारता!

"झाशीच्या बाई आल्या असत्या तर घोड्यासगट दाराबाहेर उभं केलं असतंव का? इंदूरच्या बाईंना पायरीवर बसवलं असतंव? पोलंडच्या बाईंचा नवरा गाडीखाली गेला. नोबेलचं दुसरं बक्षीस तिनं त्याच्या माघारी आणलं, एकटीनं! आमच्या सगळ्या बाया विधवाच हायत गं. त्यायला वगळलं तर राहिलं कोण? तुमी आन् मी! आपण काय दिवे लावलेत?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी कुंकवाचं बोट आईच्या कपाळावर टेकवलं. आईने डोळे गच्च मिटून घेतले होते, पण कुंकू पुसलं नाही. पहिला तिळगूळ मास्तरीणबाईंनीच पुढे केला. मला मात्र काही दिसेना, डोळे नुसते वाहत होते.

सगळ्या गेल्यावर आई रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. मागोमाग मी. बघते तर बाई पदरात तोंड खुपसून हुंदके देतायत!

"काय झालं वो?" आईने विचारलं.

"नागनाथ हाय म्हणून माझी जीभ चालतीया," बाई म्हणाल्या. "बाहेर बसून त्यो ऐकायलाय, हे मला ठावं असतंय. उद्या त्यो गेला तर यातली एक बाई तरी आठवल का मला?"

आईने कप खाली ठेवले आणि बाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

"न्हाई आठवली तर न्हाई. मी येईन की कुंकू घेऊन."

अण्णा गेल्यापासून आई पुढच्या दिवसांचं पहिल्यांदाच काही बोलली होती.