राघूंनी भरलेली धावपट्टी

फौजेत मी सिग्नल्समध्ये होतो. हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कुवेतला, तेलाच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडे वायरलेस ऑपरेटर म्हणून लागलो. पोस्टिंग खैरानच्या बाजूला, समुद्रापासून दोन मैल आत. आता तिथे लोक सुट्टी घालवायला जातात म्हणे. आमच्या वेळी दोन तंबू, एक जीप, जीपमध्ये वायरलेस सेट आणि खडी दाबून केलेली एक धावपट्टी, एवढाच संसार होता. माणसंही दोनच. मी आणि दापोलीकडचे स्वयंपाकी इब्राहिमचाचा.

काम ठरलेलं. सकाळी साडेपाचला वारा आणि पट्टीची अवस्था बेसला, म्हणजे मुख्य तळाला, कळवायची. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी चारला कॅप्टन लोपीस यांचं छोटं, एका इंजिनचं विमान यायचं. पाणी, सुटे भाग, टपाल, औषधं. लोपीस साहेब वसईचे, महायुद्धात ब्रह्मदेशावर विमान उडवलेले. वाळवंटातल्या कुठल्याही सपाट तुकड्यावर ते विमान टेकवायचे.

गळ्यात कॅमेरा कायम. बाकीचे साहेब लोक गाडीतून हरणांच्या मागे लागत. हे मैलभर अलीकडे उतरून पायी जात आणि तासन्‌तास पोटावर पडून राहत. धुतलेले फोटो मला दाखवायचे. ज्यात जनावर पळताना दिसेल तो फोटो फाडून टाकत. मी एकदा कारण विचारलं.

"परकार, हा त्याचा फोटो नाही. हा माझ्या आवाजाचा फोटो आहे."

मला तेव्हा हे सगळं श्रीमंती चोचले वाटायचं. तसं तोंडावर सांगितलंही होतं. ते हसले.

तो एप्रिलमधला शनिवार. दुपारी तीनला वारा पडला. वायव्येला धुळीची भिंत उभी राहिली आणि उजेड हळदीसारखा पिवळा झाला. तीन पंचवीसला मी पट्टी बघायला बाहेर आलो. पट्टी हिरवी झाली होती.

त्या मुलखात हिरवं काही नसतंच. जवळ गेलो तर ती पाखरं होती. वेडे राघू, लांब चोचीचे. हजारोंनी जमिनीवर बसलेले, एकाला एक खेटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्यांची तोंडं वायव्येकडे. हा पक्षी एरवी क्षणभर गप्प बसत नाही. इथे चकार आवाज नव्हता. मी टाळ्या वाजवल्या, ओरडलो. एकही हललं नाही. एक उचलून हातात घेतलं. डोळे उघडे होते आणि छाती धडधडत होती. खाली ठेवलं तसं ते पुन्हा वायव्येकडे वळून बसलं.

इब्राहिमचाचा तंबूच्या दारातूनच बघत होते.

"हवालदार, एवढी पाखरं नि एकाचाही आवाज नाय. अल्लाचं नाव घ्या नि आत या."

मला भीती वाटली. महायुद्धात मीही ब्रह्मदेशात होतो, तिथेही वाटली नव्हती अशी.

तीन चाळीसला सेटवर आवाज आला. सेटवर मी किलो, लोपीस साहेब लिमा.

"किलो, धिस इज लिमा. बेस धुळीत बंद. तुमच्याकडे येतोय. फ्युएल पंचवीस मिनिटं. रनवे?"

"लिमा, रनवे नॉट क्लिअर. बर्ड्स."

"किती?"

"जमीन दिसत नाही, सर."

"जिवंत?"

"जिवंत. हलत नाहीत."

मध्येच बेसचा आवाज आला. "किलो, क्लिअर द रनवे. फायर द पिस्टल."

सिग्नलचं पिस्तूल मी दोनदा झाडलं. लाल गोळा पाखरांच्या डोक्यावरून गेला. मान वळली नाही एकाची. एकच उपाय उरला. मी जीपमध्ये बसलो, इंजिन सुरू केलं. पट्टीच्या मधोमध दोनतीन फेऱ्या मारल्या की विमानापुरती जागा झाली असती. चाकांखाली काही शे मेली असती. विमान डोक्यावर आलं होतं.

"लिमा, जीप घालतोय."

सेटवर फक्त इंग्रजी बोलायचं असा सक्त नियम; वरचं सगळं बोलणंही इंग्रजीतच झालं होतं. लोपीस साहेबांनी तो एकदाही मोडला नव्हता. त्या वेळी ते मराठीत बोलले.

"परकार, नको. उठवू नकोस त्यांना. दमलेत."

"सर, मग उतरणार कुठे?"

"खाजणात. गेल्या महिन्यात उतरलोय."

अरब ज्याला सबखा म्हणतात ते आमचं खाजणच. वरून मिठाचा टणक पापुद्रा, खाली चिखल.

"सर, परवा पाऊस झालाय. जीप तयार आहे."

"जीप बंद कर. धिस इज ॲन ऑर्डर."

मी किल्ली फिरवली. वीस वर्षांची सवय होती. हुकूम आला की हात आपोआप चालतो.

बेसने विचारलं, "किलो, व्हॉट डिड ही से?"

"सिग्नल वीक, सर," मी म्हणालो.

तीन बावन्नला विमान खाजणात टेकलं. सरळ धावलं, मग चाकं पापुद्र्यातून आत गेली आणि शेपूट वर झालं. मी धावत पोहोचलो. साहेब पट्ट्यात नीट बसलेले, कॅमेरा गळ्यात, डोळे उघडे. मान वायव्येला वळलेली. मी नाडी बघत होतो तेव्हा मागून वाऱ्यासारखा आवाज झाला. सगळे राघू एकदम उठले, आमच्या डोक्यावरून गेले, तेही न ओरडता. पट्टी मोकळी झाली.

पट्टीची अवस्था बदलली की कळवायची, ही माझी ड्यूटी. मी जीपपाशी परत आलो आणि सेट उचलला.

"लिमा, रनवे क्लिअर. ओव्हर."

उत्तराची वाट बघत बसलो. धूळ येऊन आदळेपर्यंत.

चौकशीत जीपबद्दल विचारलं. मी सांगितलं, इंजिन सुरू झालं नाही. वैमानिकाने पाखरांपायी जीव दिला असं कागदावर आलं असतं, तर मेसमध्ये वर्षभर हसले असते. ते मला सहन झालं नसतं. 'वाहनाची निगा राखली नाही' असा शेरा मिळाला, तो मी घेतला. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. अजूनही येतो. पाखरं दहा मिनिटांत उडून गेली, तुम्ही दहा मिनिटं तरी थांबायचं होतं, असं त्यांच्याशी मी मनात कितीदा भांडलो आहे. घिरट्या घालण्याइतकं फ्युएल होतं. पण पाखरं उठतील हे त्यांना कुठे माहीत होतं, आणि मला तरी.

साठ सालानंतर सुट्टीवर आलो तेव्हा वसईला त्यांच्या बहिणीकडे गेलो. लग्न न केलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई. त्यांना मात्र मी जीपचं खरं सांगितलं. साहेब शेवटी काय म्हणाले तेही शब्दन्‌शब्द सांगितलं. वाटलं, रडतील, किंवा हुकूम का पाळलात म्हणून मला बोलतील.

त्या म्हणाल्या, "पहाटेची ड्यूटी असायची त्याची. चहा स्वतःचा स्वतः करून, चपला हातात घेऊन बाहेर पडायचा. आम्हांला कधी उठवलं नाही त्यानं."