मिटलेले डोळे, उघडी तोंडं

माझं अंधेरीच्या ऑफिसातलं काम एका वाक्यात सांगता येतं, तरी नातेवाइकांना ते अजून कळलेलं नाही. ढीगभर व्हिडिओंमधून हवा तो चटकन सापडावा, म्हणून प्रत्येक व्हिडिओची चार-पाच चित्रांची पट्टी करायची. कुठली चित्रं घ्यायची याचे नियम मी ठरवते. डोळे मिटलेले किंवा तोंड उघडं असलं, की चित्र बाद. या नियमांचा मला भारी अभिमान होता.

यंदा बाबांच्या माघारी पहिला गणपती येत होता. मुलुंडच्या आमच्या घरी गाऱ्हाणं दरवर्षी बाबाच घालायचे. बाप्पापुढे हात जोडून सगळ्या घरासाठी मोठ्यानं मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. यंदा ते मी घालायचं, असं आईनं ठरवून टाकलं. मला पहिल्या दोन वाक्यांपुढे काही आठवेना. घाबरलेच मी.

मग घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले गणपतीचे व्हिडिओ एकत्र केले. एकेक बघत बसले असते तर चतुर्थी उजाडली असती. म्हणून नेहमीसारख्या पट्ट्या काढून टीव्हीवर लावल्या. मोदक, आरती, हसऱ्या आत्या, पुन्हा मोदक. गाऱ्हाणं कुठेच दिसेना.

आई भाजी निवडता निवडता बघत होती.

"सगळी हसततच कित्याक गो?" ती म्हणाली. "गाऱ्हाण्यात डोळे मिटलेले आसतत नि तोंडां उघडी. तुझ्या त्या मशिनीक तसा सांग मगे."

मी गुपचूप नियम उलटे केले. टीव्ही भरून गेला. सगळं खानदान दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं आ करून उभं, आणि सगळ्यांच्या पुढे हात जोडलेले बाबा.

गेल्या वर्षीचा व्हिडिओ लावला. बाबांचा आवाज घरभर झाला. गावासाठी, शेजाऱ्यांसाठी, आईच्या गुडघ्यांसाठी मागून झालं. मग पुढचं मागणं आलं.

"माझां चेडू दिसभर त्या पडद्याम्होरां डोळे फोडून घेता. तेचे डोळे सांबाळ रे म्हाराजा!"

लेकीसाठीचं हे वाक्य मला अजिबात आठवत नव्हतं. आईनं मांडीवरची भाजी बाजूला ठेवली, हात जोडले आणि टीव्हीकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "व्हय म्हाराजा."