सातवी बाज

माझी नात पुण्यात लोकांच्या घरांपुढच्या बागा संगणकावर आखून देते. पडद्यावर ती एखादं झाड उचलते, फाटकाजवळ ठेवते, नाही आवडलं की परत कोपऱ्यात. मागच्या दिवाळीत तिने मला हे मोठ्या कौतुकाने दाखवलं. मी आत गेलो आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा एक जुना डबा आणून तिच्यापुढे उपडा केला. त्यातून कागदी झाडं पडली, कागदी वाफे पडले, आणि सात कागदी बाजा, अंगणात झोपायला टाकतात तशा. "हे मी तुझ्या बापाच्या जन्माआधी करत होतो," मी म्हटलं. फुशारकी मारायची संधी मी सहसा सोडत नाही.

तेव्हा मी अकोल्याला सरकारी बांधकाम कचेरीत ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याच्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरून त्याच्याच रेघा शाईने गिरवणारा माणूस. रेघ चुकली तर बोलणी मला, साधली तर शाबासकी त्याला. पाच वर्षं गिरवून गिरवून माझं डोकं फिरलं होतं. ज्यातली पहिली रेघ माझी असेल आणि जो खरोखर जमिनीवर उतरेल, असा एक तरी नकाशा मला काढायचा होता. दुसरं काहीच मागणं नव्हतं.

जठारपेठेत एका वकिलांनी नवं घर बांधलं होतं. पुढे चाळीस फूट बाय तीस फूट मोकळी जागा, कोपऱ्यात आधीपासूनचा एक कडुलिंब. कचेरीतल्या साहेबांनी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं. वकील म्हणाले, "काढून आन बरं एक बाग. फव्वारा पाह्यजे." नळाला करंगळीएवढं पाणी, आणि ह्यांना फव्वारा!

मी टेप लावून जागा मोजली. चहा मिळाला तो ओट्याच्या पायरीवर, कान तुटलेल्या कपात. तो कप मीच विसळून बाहेरच्या कोनाड्यात पालथा घालायचा होता. आमच्या घरी बुद्धाची तसबीर लागून सहा-सात वर्षं झाली होती, पण त्या कोनाड्याला ते अजून कळलं नव्हतं. मला राग आला. राग मला लवकर येतो. पण नकाशा काढायचा होता, म्हणून कप विसळला.

माझे वडील अमरावतीला, कॅम्पात, एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. बाग म्हणून मी नीट पाहिलेली तेवढीच. तेव्हा तसंच सगळं काढलं. मधोमध गोल हिरवळ, भोवती गुलाब, क्रोटनच्या रांगा, मुरुमाची वळणदार वाट. एक इंचाला चार फूट. झाडं मी जाड कागदावर रंगवून वेगळी कापली, म्हणजे वकिलांना ती हलवून बघता येतील. ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती.

पौषातल्या एका सकाळी नकाशा ओट्यावर अंथरला. वकील खूश. झाडं इकडून तिकडे सरकवण्यात ते इतके रमले की कोर्टाची वेळ विसरले. त्यांच्या पत्नी दारात उभ्या राहून बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या वकिलांना म्हणाल्या, "त्याले इचारा, उन्हाळ्यात बाजा कुठी टाकाच्या? गुलाबाइवर झोपाचं काय?"

वकिलांनी हातातलं झाड खाली ठेवलं. अकोल्याच्या उन्हाळ्यात भिंती दिवस मावळला तरी तव्यासारख्या तापलेल्या असतात. होळी झाली की सगळ्या गावाच्या बाजा अंगणात येतात, त्या पाऊस पडेपर्यंत. मी स्वतः जन्मभर अंगणात झोपलो होतो, आणि माझ्या नकाशात एक बाज टाकायला जागा नव्हती. थंडीत बसून नकाशा काढला, उन्हाळा आठवलाच नाही. पण चूक कबूल करायची सोडून मी म्हणालो, "बागेत बाजा शोभत नाईत."

"मंग राहू दे," वकील म्हणाले. "नको आमाले तुही बाग."

मी कागद गुंडाळला आणि तरातरा निघालो. फाटकाबाहेर आल्यावर कळलं की आपली पहिली रेघ आपणच पुसून आलो. रडू यायचं बाकी होतं.

रविवारी एसटीने अमरावती गाठली. वडील गुलाबांना आळी करत होते. त्यांना सगळं सांगितलं, बाईंचं बोलणं जरा तिखटमीठ लावून. ते हसले.

"काहून राग आला तुले? बाई खरं बोलली म्हून? सायबाच्या घरात पंखे हायेत, थो आत झोपते. मी बाहीर झोपतो. तू सायबाची बाग काढली, वकिलाची कुठी काढली?"

अकोल्याला परत आलो आणि बाजा कापायला बसलो. वकिलांच्या घरात माणसं सहा. मी सात बाजा कापल्या.

परत त्या फाटकातून आत शिरलो. यावेळी कागदावर नुसती जमीन आणि कडुलिंब होता. बाजूला झाडांचा ढीग, दुसऱ्या बाजूला बाजांचा. मी दाराकडे बघून म्हणालो, "बाई, चुकलं माह्यं. कोन कुठी झोपते, थे तुमी लावून द्या. झाडं मी मंग बसवतो."

बाई घुटमळल्या. मग पदर खोचून ओट्यावर बसल्या. सासूबाईंची बाज दाराशी, गुडघे दुखतात म्हणून. तिन्ही मुलांच्या ओळीने. स्वतःची नळाच्या बाजूला, पहाटे पहिलं उठणं त्यांचंच. वकिलांची त्यांनी थेट फाटकापाशी नेऊन ठेवली. "घोरतात," त्या म्हणाल्या, आणि वकीलसाहेब चक्क लाजले.

सातवी बाज माझ्या तळहातावर राहिली होती. "हे कोनाची?" बाईंनी विचारलं.

"पाव्हन्याची," मी म्हणालो.

त्यांनी ती उचलली आणि कडुलिंबाखाली ठेवली. त्यादिवशीही चहा त्याच कपात आला, आणि मी तो विसळला. पण नकाशा मंजूर झाला. मध्ये सारवलेलं मोकळं अंगण, कडेकडेने झाडं, मोरीच्या पाण्यावर मोगरा, तोही सासूबाईंच्या उशाशी. फव्वारा गेला.

पावसाळ्यात झाडं लागली. पुढच्या वैशाखात, दिवेलागणीला, मोगरा जगला का ते बघायला गेलो. अंगणात पाणी शिंपडलेलं होतं आणि सातही बाजा जिथल्या तिथे होत्या, माझ्या कागदातून उतरल्यासारख्या. मला फार आनंद झाला. सवयीने पायरीकडे वळलो.

"तिथी कावून बसता?" बाई म्हणाल्या. "थे बाज रिकामी हाये ना. तुमीच तं जागा काढली तिची."

मी कडुलिंबाखालच्या बाजेवर बसलो. दोरी कुरकुरली. थोड्या वेळाने चहा आला, सगळ्यांना एकसारख्या कपांत, आणि बाईंनी माझा कप स्वतः उचलून आत नेला. त्या वर्षात त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन घरांचे नकाशे मी काढले.

हे सगळं नातीला सांगितलं नव्हतं. ती आपली डब्यातले कागद मांडत बसली होती. "आजोबा, घरात माणसं किती होती?"

"सहा."

"मग ही सातवी कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.