काबाईंची कात्री

शिवणक्लासच्या बाईंना मुली पाठीमागे काबाई म्हणत. कापडावरची खडूची रेघ कितीही देखणी असो, ती तिथेच का मारली हे सांगितल्याशिवाय बाई कात्री हातात देत नसत.

नुकतीच क्लासला येऊ लागलेली एक नर्स हाताने मोठी चलाख होती. "बाई, माप बरोबर आहे ना? मग तोंडाची वाफ कशाला दवडायची?" ती कुरकुरली.

"रेघ मला दिसते. तुझ्या डोक्यातलं दिसत नाही."

नर्स वैतागून सांगू लागली. "बाह्यांचे दोन तुकडे एकावर एक ठेवलेत. दोन्हींची सुलट बाजू वर. पुढचा खोलगट भाग इकडे, म्हणजे वरची बाही डाव्या हाताची. आणि खालचीही..." ती थांबली. मग तिने खालचा तुकडा उलटा केला.

बाईंनी कात्री दिली आणि कपाटातून एक जुना झगा काढून तिच्यापुढे पसरला. त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

"धाकट्या बहिणीसाठी शिवला होता," बाई म्हणाल्या. "आमच्या मास्तरांनी रेघ पाहिली आणि पाठ थोपटली. विचारलं काहीच नाही."