प्रज्ञा आणि गणपतीची सुपारी

आमच्या मांजरीने एकदा सत्यनारायणाच्या पूजेतला गणपती तोंडात धरून पळवला होता.

आज सकाळी ती गेली.

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत एका बंद स्कूटरखाली ती सापडली, तेव्हा तळहातात मावत होती. डोळ्यांत संसर्ग होऊन दृष्टी गेलेली.

मी तिचे नाव प्रज्ञा ठेवले. नेत्रहीनाला आपल्याकडे प्रज्ञाचक्षू म्हणतात, बुद्धी हाच ज्याचा डोळा. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाची ही हौस.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या काशीबाईंनी दोन दिवसांत त्या नावाचे ‘परगी’ केले.

छावणीतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते की, औषधाने दृष्टी परत येणार नाही, परंतु हिला रोज खेळवा. खेळ सुटला की आंधळे मांजर कोपरा धरते, आणि मग खाणेही सोडते.

मी मऊ लोकरीचा चेंडू आणला. तो आवाज करीत नसे, म्हणून तिच्या लेखी तो नव्हताच. घुंगराचा प्लॅस्टिकचा चेंडू ऑनलाइन मागवला. त्याला ती भ्यायली.

तिचे खेळणे शोधले ते आमच्या सौभाग्यवतींनी.

पूजा झाल्यावरच्या सुपाऱ्या मी एका डब्यात साठवीत असे. पैठणला जाणे झाले की गोदावरीत सोडायच्या. त्यांतली एक त्यांनी शहाबादी फरशीवरून घरंगळत सोडली.

सुपारी सरळ जात नाही. टकटक करीत, मध्येच वळण घेत जाते. प्रज्ञेचे कान तिच्याबरोबर वळत गेले, आणि सोफ्याच्या पायाशी तिने ती अचूक पकडली. मग तोंडात धरून परत आणली आणि टाकणाऱ्याच्या पायाशी ठेवली.

मी अर्थातच हरकत घेतली. पूजेची सुपारी मांजराच्या तोंडी?

"विसर्जनाच्या अक्षता टाकल्या की देव गेला, असं तुम्हीच सांगता ना? मग उरली ती सुपारीच."

शास्त्र माझेच होते. पुढे मीही खेळू लागलो. रोज चहानंतर पंधरा मिनिटे.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा घरी सत्यनारायण केला. घर पाहुण्यांनी भरलेले. पूजा मीच सांगत होतो आणि मीच करीत होतो.

आवाहन झाले. गणपतीच्या सुपारीला पंचामृताचे स्नान घातले. ताम्हणातून उचलताना ती दुधातुपाने माखलेली सुपारी माझ्या बोटांतून निसटली.

टक्.

आतल्या खोलीचे दार कोणीतरी उघडे ठेवले होते. प्रज्ञा बाणासारखी आली. पाहुण्यांच्या पायांमधून वाट काढीत तिने गणपती पकडला, आणि परत येऊन माझ्या सोवळ्याच्या निऱ्यांशी अलगद ठेवला. मग वाट पाहत बसली. मी पुन्हा टाकावा म्हणून.

काशीबाई दारातून म्हणाल्या, "बाबा, येवढे मंत्र तुमी म्हनले, अन् देव घावला परगीला."

सगळे घर हसले.

मी हसलो नाही. विसर्जनापूर्वीची सुपारी ही सुपारी नव्हे. मी दुसरी सुपारी घेऊन आवाहन पुन्हा केले, पूजा पूर्ण केली. पाहुणे गेल्यावर डबा माळ्यावर टाकला आणि बजावले की, यापुढे या घरात सुपारीचा खेळ होणार नाही.

राग शास्त्रासाठी होता, असे मी सर्वांना सांगितले. खरे तर तो त्या हसण्याचा होता.

प्रज्ञेने कपाटामागचा कोपरा धरला.

घरात कुठे टक् असे वाजले की कान उभे करी. माझी काठी, पेनाचे टोपण, पोळपाटावर आपटलेले लाटणे. मग कान पुन्हा खाली. दूध अर्धे राहू लागले, मग तसेच राहू लागले. हाताला तिच्या पाठीचे मणके लागत.

असे वीस दिवस गेले.

सौभाग्यवतींनी वाद घातला नाही. एका संध्याकाळी निवडलेली मेथी बाजूला सारून एवढेच म्हणाल्या,

"अहो, तिला काय ठाऊक विसर्जन झालं की नाही ते. तिच्या लेखी तुम्ही हाक मारली. ती आली. यात चुकलं कुणाचं?"

आवाहन म्हणजे तरी काय? हाकच. जन्मभर मी ती विधिवत मारीत आलो. माझ्या हाकेला इतक्या तातडीने कोणी आल्याचे मला स्मरत नाही. आणि जी आली, तिला मी घालवून दिले.

मी स्टूल लावून माळ्यावरचा डबा काढला. या वयात फरशीवर मांडी घालून बसलो आणि सुपारी सोडली.

ती आली नाही.

पुन्हा सोडली. कपाटामागून फक्त एक कान दिसला.

कितव्या खेपेला ते आठवत नाही, पण ती आली. सुपारी पकडली, आणि मला ओलांडून सौभाग्यवतींच्या पायाशी नेऊन ठेवली. ते योग्यच होते. त्या रात्री तिने सगळे दूध संपवले.

माझ्या पायाशी सुपारी यायला पुढे दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी एकही दिवस चुकवला नाही.

त्यानंतर ती चार वर्षे आनंदाने जगली. आज सकाळी सौभाग्यवतींच्या मांडीवर, काही त्रास न होता तिचा श्वास थांबला. मागच्या अंगणात अनंताच्या झाडाखाली तिला ठेवले. काशीबाई सुट्टी असूनही आल्या, आणि माती सारखी करून गेल्या.

प्रज्ञे, आयुष्य तुझे मुळात लहान, आणि त्यातले वीस दिवस मी माझ्या मानापायी घेतले. तू मला क्षमा केलीस, तरी ते दिवस तुझेच होते.

नीट जा, बाळ.

हात जोडून,
तुझा बाबा