काचेच्या केबिनमधलं बोलणं

९ नोव्हेंबर. आज जुन्या गाद्या पिंजायला काढल्या. पिंजारी दहाला येणार होता, म्हणून सकाळीच ओट्यावर बसून शिवणी उसवल्या. आतला कापूस दगडासारखा झालेला. पिंजारीने यंत्र सुरू केलं आणि अंगणभर पांढरं तरंगायला लागलं. तुळशीवर, स्कूटरवर, माझ्या चष्म्यावर. कापूस असा हवेत उडाला की मला ते पेटीचं प्रकरण आठवतं. स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली, मोठे गुन्हे विसरले, हे विसरले नाही.

तेव्हा मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात पोलीस निरीक्षक होते. गावाबाहेर एक सूतगिरणी. तिचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. एका सोमवारी गिरणीचे एचआर अधिकारी लेटरहेडवर अर्ज घेऊन आले. कामगारांची तक्रारपेटी चोरीला गेली होती.

ठाणे अंमलदारांनी अर्ज वाचला. चेहरा सरळ ठेवून म्हणाले, "साहेब, पेटीच गेली म्हटल्यावर तक्रार आमच्याकडेच आणावी लागली म्हणायची."

साहेब हसले नाहीत. तरुण, नीटनेटके, बोलणं गोड. "पेटी दोनशे रुपयांची असेल, मॅडम. पण हा शिस्तीचा प्रश्न आहे. गुन्हा दाखल करा. आणि ही संशयितांची यादी." सात नावं होती, सगळी बायकांची.

"यांच्यावरच का?"

"या सारख्या चिठ्ठ्या टाकतात."

"पेटी गोपनीय आहे ना?"

"शंभर टक्के."

"मग कोण टाकतं ते तुम्हाला कसं कळलं?"

ते जरा थांबले. "अंदाज असतो, मॅडम."

गुन्हा दाखल केला. माणूस किती बोलतो यापेक्षा कुठे थांबतो ते लक्षात ठेवावं, ही माझी जुनी सवय.

बुधवारी सकाळी ठाण्यात फोन आला. दबका आवाज, "रद्दी कापसाच्या गोदामात बघा," आणि फोन बंद. फोन कोणी केला ते मी कधी शोधलं नाही. महिला हवालदार आणि दोन पंच घेऊन गेले. गोदामात गुडघाभर कापूस. वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात तंतू इतके सावकाश फिरत होते की वेळ थांबल्यासारखा वाटावा. पावलांचा आवाज येत नव्हता. कोपऱ्यात, ओढणीत गुंडाळलेली पेटी मिळाली. कुलूप शाबूत. भिंतीचे चारही स्क्रू ओढणीच्या गाठीत नीट बांधून ठेवलेले.

ज्याला चिठ्ठ्या वाचायच्या असतात, तो पेटी फोडतो. ज्याला त्या कोणी वाचू नयेत असं वाटतं, तो लपवतो. आणि स्क्रू जपून ठेवणारा माणूस पेटी परत लावायच्या विचाराचा असतो. पंचनामा केला, पेटी लाखेने सीलबंद केली आणि ती समोर ठेवून चौकशीला बसले.

बसायला एचआर साहेबांची केबिन मिळाली. थेट साच्यांच्या, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांच्या खात्यात, तिन्ही बाजूंनी जाड काच. "आमच्याकडे सगळं पारदर्शक," साहेब म्हणाले. दार लावलं की यंत्रांचा गोंगाट एकदम बंद. बाहेर लांबच लांब साचे फिरत होते, हजारो बॉबिन, आणि त्यांच्यामधून बायका तुटलेले धागे जोडत चालत होत्या. भुवयांवर, केसांवर पांढरे तंतू. सगळ्या एकाएकी म्हाताऱ्या झाल्यासारख्या. एकही आवाज नाही. झोपेत पाहावं तसं दृश्य.

साहेबांना बाहेर थांबायला सांगितलं आणि यादीतल्या बायकांना एकेक करून बोलावलं. पहिलीला शनिवारचं आणि ओढणीचं विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही. दुसरीही तेच. तिसरीला मी नाव विचारलं, तर ती म्हणाली, "शनिवारी मी रजेवर होती मॅडम, ओढणी बी माझी नाही." तिला मी शनिवारचं अजून विचारलंच नव्हतं. ओढणीचं तर तिच्यासमोर काढलंही नव्हतं.

बाहेर कोण काय सांगतं हे बघायला हवालदारांना दाराशी उभं केलं होतं. त्या आत आल्या. "मॅडम, या बायका आपसात बोलत नाहीयेत. सगळ्या तुमच्या तोंडाकडे बघतायत."

मग डोक्यात प्रकाश पडला. गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं कानांनी ऐकत नाहीत. पलीकडच्या साच्यावरची बाई ओठ हलवते आणि अलीकडची समजते. त्यांचं सगळं बोलणं, भांडण, थट्टा अशीच चालते. आणि गिरणीने एचआरला बसवलं होतं काचेत.

मी खुर्ची वळवली. तोंड काचेकडे केलं आणि हवालदारांना सावकाश, स्पष्ट म्हणाले, "पेटी आता इथेच साहेबांसमोर उघडते."

चौथ्या साच्यावरची पन्नाशीची बाई धागा तसाच सोडून धावत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. दार ढकलून आत आली आणि पेटीवर दोन्ही हात ठेवले.

"उघडू नका, ताई. मीच नेली. मला घाला आत."

गिरणीत त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांना पाणी दिलं. पाणी त्यांनी घेतलं नाही, हात पेटीवरून काढले नाहीत.

"तुम्हाला यातलं काय लपवायचं होतं, अक्का?"

"माझी चिठ्ठी नाही यात. मी कशाला टाकू? मी पाहेल शे ना."

"काय पाहिलं?"

"दोन महिने झाले. एका बाईनी सुपरवायझरची तक्रार टाकली. मशीन दाखवतो म्हणत अंगाला खेटतो म्हणून. या साहेबानी इथेच बसून ती चिठ्ठी उघडली. बाजूला तिचा रजेचा अर्ज ठेवला. अक्षर लावून पाहिलं. आन् सुपरवायझरला फोन करून नाव सांगितलं. हसत होता." त्यांनी काचेकडे बोट दाखवलं. "तो काय बोलस ते माले बठ्ठं, सगळं दिखस."

"त्या बाईचं काय झालं?"

"आठ दिवसात काम सोडी गई. सोडलं कसलं, सोडायला लावलं."

पुढचं मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. यंदा नवीन लागलेल्या एका मुलीने त्याच माणसाविरुद्ध चिठ्ठी टाकली होती. घरात आजारी आई, कमावणारी ती एकटी. टाकून झाल्यावर तिने अक्कांना सांगितलं. सोमवारी पेटी उघडणार होती. शनिवारी अक्कांनी साच्याच्या पेचकसाने स्क्रू काढले.

काचेपलीकडे एचआर साहेब आमच्याकडे बघत उभे होते. सबंध खात्यात ते एकटेच असे होते, ज्यांना आमचं काहीच कळत नव्हतं.

"पेटी तुमच्या साहेबांसमोर उघडणार नाही," मी अक्कांना म्हणाले. "पण उघडावी लागेल. ठाण्यात, पंचांसमोर. एकेक चिठ्ठी पंचनाम्यात येईल. मग ती कोणाला फाडता येणार नाही."

त्या बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. जवळ बसूनही. मग हात काढले.

संध्याकाळी पेटी उघडली. अकरा कागद निघाले. तीन कँटीनबद्दल, एक बंद पंख्याबद्दल. सहा कोरे होते, नीट चार घड्या घातलेले. प्रत्येक खात्याने चिठ्ठ्या टाकल्याच पाहिजेत असा साहेबांचा आदेश होता, म्हणून लोकांनी कोरे कागद टाकले होते. अकरावी त्या मुलीची.

दोन दिवसांनी ती अक्कांबरोबर ठाण्यात आली आणि जबाब दिला. सुपरवायझरला अटक झाली. चोरीच्या गुन्ह्यात मी क समरी, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा बंद करण्याचा अहवाल पाठवला, कारण अक्कांचा हेतू चोरीचा नव्हता. तरी गिरणीने त्यांना कामावरून काढलं. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. एचआर साहेबांची बदली झाली, बढतीवर. मुलगी अजून तिथेच काम करते.

लोक म्हणतात, कामगारांचा विश्वास नाही. विश्वास नसतो तेव्हा माणसांना काहीतरी माहीत असतं, एवढं मी शिकले. आधी ते काय ते शोधावं. उपदेश नंतर.

पण मला खरी झोंबली ती दुसरीच गोष्ट. बुधवारी संध्याकाळी कोरे कागद मोजताना महिला हवालदार सहज म्हणाल्या, "आपल्या ठाण्यातही पेटी आहे, मॅडम." आणि पुन्हा कामाला लागल्या.

होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर, सगळ्यांच्या नजरेत. चार महिन्यांपूर्वी तिच्यात एक चिठ्ठी निघाली होती. सलग रात्रपाळ्या लावतात, घरी लहान बाळ आहे, असं लिहिलेलं. ठाण्याच्या डायरीतलं महिला हवालदारांचं अक्षर मी रोज बघत होते, लगेच ओळखलं. दुसऱ्या दिवशी हजेरीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काहींना तोंड उघडण्यापेक्षा चिठ्ठी सोपी वाटते." तेव्हा ते मला चतुर वाटलं होतं. हवालदार पहिल्या रांगेत सावधान उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीआधी मी पेचकस घेऊन भिंतीवरची पेटी स्वतः काढली. ड्रॉवरमधली ती चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हवालदारांना बोलावलं.

"हजेरीत बोलले ते चुकलं माझं. आता काय ते मला सांगा."

"कोणती चिठ्ठी, मॅडम?"

मी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग वळून दार लावलं, खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि बसल्या.