पेटीवरचा डाग

पुन्हासाहेब,

हे नाव लोकांनी तुम्हाला पाठीमागे ठेवलेलं. मी ते तोंडावर वापरते आहे. रागावू नका, आणि रागावलात तरी माझं काय करणार आहात? मी बहात्तर वर्षांची आहे. मला आता नणंद सोडून कुणी रागावत नाही.

तुमच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पण लिहायला बसलं की चौथ्या ओळीपासून माझंच कौतुक सुरू होतं. 'मी' म्हटलं की माझी लेखणी लगेच माझं वकीलपत्र घेते. तेव्हा इथून पुढे मी तुम्हाला 'साहेब' आणि स्वतःला 'बाई' म्हणणार आहे, आणि बाईला अहोजाहो करणार नाही. तेवढा मान या प्रकरणात बाईनं मिळवलेला नाही.

तर नोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे डावीकडे, एक खोली होती. दारावर पाटी : 'लघुउद्योग व आयात-निर्यात मदत कक्ष. सल्ला विनामूल्य.' निम्मे लोक ती पाटी वाचूनच परत फिरायचे. सरकार फुकट देतंय म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, असा हिशेब. उरलेले निम्मे जन्मदाखला कुठे मिळतो ते विचारायला आत डोकवायचे. साहेब त्यांनाही नीट सांगायचे, तळमजला, खिडकी चार. आणि तो माणूस वळला की मागून म्हणायचे, "पुन्हा सांगतो, खिडकी चार." त्यावरून नाव पडलं.

साहेब पंचावन्नच्या आसपासचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, टेबलाच्या काचेखाली टेलिफोन नंबरांचे कागद, इतके की टेबलाचं लाकूड दिसू नये. शिपाई दहाला यायचा, साहेब नऊला येऊन स्वतः कुलूप काढायचे. डबा खिडकीपाशी उभ्यानं खायचे, कारण बसून खाल्लं तर आलेल्या माणसाला वाटतं, साहेब जेवताहेत, नंतर येऊ, आणि तो नंतर येत नाही. कुणाचा अर्ज ते स्वतः भरून द्यायचे नाहीत. समोर बसवून त्याच्याकडूनच भरून घ्यायचे. साबणवालीला वेष्टनावर काय काय छापावं लागतं ते सांगायचे, सुटे भाग मागवणाऱ्या पोरगेल्या व्यापाऱ्याला कुठला परवाना आधी आणि कुठला नंतर ते सांगायचे. मग पुन्हा सांगायचे. वरच्या साहेबाला असा माणूस खात्यात आहे हे बहुधा पगारपत्रक पाहूनच कळत असावं.

आता बाई. बाईनं छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भाषा शिकवली होती. निवृत्तीनंतर नवरा गेला, आणि विधवा नणंद राहायला आली. नणंदेला मातीकामाचा नाद. मागच्या गॅलरीत कपडे धुण्याच्या यंत्राला हलवून तिनं तिथे विजेची भट्टी बसवली आणि कपाटाच्या, खणांच्या मुठी करायला लागली. पांढऱ्या, चकचकीत, लिंबाएवढ्या, प्रत्येकीवर निळ्या रंगात एकेक मासा. घरचे सगळे त्याला 'आत्याचा छंद' म्हणायचे, म्हणजे वाढदिवसाला मूठ मिळाली की तोंडभर हसायचे आणि माळ्यावर टाकायचे. चौसष्टाव्या वर्षी नणंदेच्या अंगठ्यांचे सांधे धरले. डॉक्टर म्हणाले, हे बारीक कुंचल्याचं काम अजून वर्षभर कराल, फार तर दीड. आणि त्याच महिन्यात परदेशातल्या एका दुकानदारणीनं कुठेतरी फोटो पाहून बाराशे मुठी मागवल्या.

बाराशे. नणंद चार महिने रोज दहा मासे काढत होती. हा तिचा पहिला मोठा माल, आणि शेवटचा असणार हे दोघींनाही माहीत होतं. कागदपत्रं, बांधणी आणि पाठवणी बाईनं अंगावर घेतली, कारण बाई शिकलेली.

साहेब दर बुधवारी नव्या निर्यातदारांसाठी दोन तासांचा वर्ग घ्यायचे. बाई गेली. पहिल्या रांगेत बसली. सोळा पानांची माहितीपुस्तिका हातात आली, आणि बाईचा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. दोन तास साहेब बोलत होते आणि बाई पुस्तिका तपासत होती. एक्केचाळीस चुका निघाल्या. वर्ग संपल्यावर तिनं ती साहेबांपुढे ठेवली, अगदी सहामाहीचा पेपर परत द्यावा तशी.

साहेबांनी चाळली. "आभारी आहे बाई. नवी छापू तेव्हा सुधारतो. पान अकरा वाचलंत ना?"

"वाचलं. त्यात तीन चुका आहेत."

"पुन्हा सांगतो, पान अकरा महत्त्वाचं आहे."

"अहो, वाचलं म्हटलं ना."

चुका वाचल्या होत्या. पान वाचलं नव्हतं.

पेटी मात्र बाईनं रीतसर घेतली, परदेशी पाठवायच्या पेट्या करणाऱ्या कारखान्यातून, पावतीसकट. पेटी घरी आली आणि बाईचं कपाळ आठ्यांनी भरलं. दोन बाजूंना काळा चटका. कणसासारखं काहीतरी चित्र, शेजारी अक्षरं आणि आकडे, वेडेवाकडे, भाजून काढलेले. नणंदेचे बाराशे मासे या असल्या डागाळलेल्या खोक्यातून जाणार? बाईनं कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं.

सुतारानं पेटी फिरवून पाहिली. "हे मुद्दाम मारलेलं दिसतंय बाई."

"मुद्दाम मारलं म्हणून चांगलं दिसतं का? रंधा मार."

"राहू द्या की. मागच्या बाजूला करून ठेवा."

"दोन्ही बाजूंना आहे. कुठली मागची? मार म्हणते ना."

"वहिनी, तो कारखानेवाला वेडा आहे का?" नणंद दारातून म्हणाली.

"लोकांना नीटनेटकेपणाची सवय नसते. मी छत्तीस वर्षं पाहिलंय."

सुतारानं रंधा मारला, वर पॉलिश पेपर फिरवला. पेटी लख्ख झाली. एवढ्यावर भागलं नाही. शाळेच्या वह्यांना घालतात तसं बाईनं पेटीला खाकी कव्हर घातलं, कोपरे दुमडून, वर पत्त्याची चिठ्ठी. माल नेणाऱ्या एजंटाच्या माणसानं कारखान्याची पावती पाहिली, एवढं सुबक कव्हर फाडायचं त्याच्या जिवावर आलं असावं, आणि पेटी गेली.

पाच आठवड्यांनी दुकानदारणीची ईमेल आली. सोबत तिथल्या बंदराची नोटीस. पेटीच्या लाकडावर कीड मारल्याची खूण नाही. लाकूड तापवून आतली कीड मारलेली असते आणि ते पटावं म्हणून पेटीवर छाप भाजतात. छाप नाही म्हणजे पेटी संशयित. सात दिवसांत परत न्या, नाहीतर पेटी मालासकट जाळण्यात येईल. दुकानाचं उद्घाटन पंधरा दिवसांवर होतं. दुकानदारणीनं लिहिलं होतं की तिला फार वाईट वाटतं, पण ती थांबू शकत नाही.

बाईनं ईमेल दोनदा वाचली. मग पुस्तिका काढून पान अकरा पहिल्यांदा वाचलं. सगळं तिथे होतं, चित्रासकट, कणसासकट. चित्राखालच्या वेलांटीला बाईनं लाल गोल केला होता.

नणंद समोर बसली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "परत आणायला किती दिवस लागतील?"

"पाच आठवडे."

"मग जाळतील." आणि भट्टीवर टाकलेलं फडकं उगीच सारखं करायला गेली.

दुसऱ्या दिवशी नऊला बाई दुसऱ्या मजल्यावर हजर. हातात चार पानी अर्ज, बंदराच्या अधिकाऱ्याच्या नावे. रात्रभर जागून लिहिलेला. त्यात नणंदेचे सांधे होते, माणुसकी होती, आणि शिक्षणक्षेत्रातल्या सेवेचा उल्लेख दोनदा होता.

साहेबांनी चारही पानं शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "छाप नव्हताच की गेला?"

आता बाईला खोटं बोलायची चांगली संधी होती. कारखानेवाल्यावर ढकलता आलं असतं. तोंड उघडलंही. "मी रंधा मारून काढला," ती म्हणाली. "घाण दिसत होता."

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बाईला भांडता आलं असतं.

"म्हणजे लाकूड तापवलेलं आहे. कारखान्याचा दाखला मिळेल. मग मार्ग आहे. माल पेटीतून काढायची परवानगी मागायची, त्यांच्या आवारात, त्यांच्या देखरेखीखाली. पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचा. पेटी जाळा म्हणायचं, खर्च आमचा." त्यांनी कोरा कागद बाईपुढे सरकवला. "लिहा. पाच ओळी."

"पाच?"

"पुन्हा सांगतो, पाच. तो अधिकारी दिवसाला दोनशे कागद वाचतो."

बाईनं लिहिलं. सातव्या ओळीवर गेली तेव्हा साहेबांनी निळ्या पेनानं दोन ओळी खोडल्या. भाषेच्या शिक्षिकेच्या मजकुरावर छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी पेन फिरलं, आणि मजकूर सुधारला, हे त्याहून वाईट.

पुढचं काम फोनचं. आपल्या वकिलातीचा व्यापार विभाग त्या देशात होता, पण तिथलं कार्यालय उघडं असण्याची वेळ म्हणजे इथली सकाळी सातची. आणि खोलीतल्या फोनला परदेशी कॉल बंद होता. तो सुरू करायला वरच्या साहेबाची सही लागायची, आणि वरचे साहेब रजेवर. पुन्हासाहेब त्यांच्या घरी गेले, अंघोळ होईस्तोवर बाहेर बाकावर बसले आणि सही घेऊन आले. हे बाईला नंतर शिपायानं सांगितलं. मग तीन दिवस रोज सकाळी सातला ते खोली उघडून फोन लावत होते. बाई समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, तोंड मिटून. तीन दिवस सलग तोंड मिटून बसण्याचा तिचा तो पहिलाच अनुभव.

"हो, कपाटाच्या मुठी," साहेब फोनवर सांगायचे. "मातीच्या, भाजलेल्या. पुन्हा सांगतो, लाकूड नाही. माशाचं चित्र आहे. नाही, मासा नाही. चित्र."

सहाव्या दिवशी परवानगी आली. पेटी जाळली, ते लख्ख पॉलिश केलेलं लाकूड. मुठी पुठ्ठ्यात गेल्या. अडतीस फुटल्या, बाकीच्या उद्घाटनाच्या चार दिवस आधी दुकानात पोचल्या. दुकानदारणीनं फोटो पाठवला : भिंतभर खण, प्रत्येक खणाला मूठ. नणंदेनं फोटो मोठा करून पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"वहिनी, मासे उलटे लावलेत."

"सगळे?"

"सगळे. पोटं वर." आणि हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला. बाईनंही लावला, पण त्याबद्दल बाईला विचारू नये.

दुसऱ्याच दिवशी बाई फोटो दाखवायला साहेबांकडे गेली. आभार मानायचं भाषण जिन्यात पाठ केलं होतं. त्यातलं निम्मंच झालं आणि तिनं विचारलं, "तुम्हाला बंदरातलं एवढं कसं ठाऊक?"

"माझ्या घंटा होत्या." साहेबांनी सांगितलं, तेही अगदी पाच ओळींत. तरुणपणी बायकोचा सोन्याचा गोफ मोडून त्यांनी सायकलच्या चार हजार घंटा बाहेरून मागवल्या होत्या. माल कुठल्या देशात बनला त्याचा दाखला सोबत हवा, हे कुणी सांगितलं नाही. आठ महिने घंटा बंदरात पडून राहिल्या, खारी हवा खाऊन गंजल्या. सोडवल्या तेव्हा एकही वाजली नाही. "त्यानंतर या नोकरीची परीक्षा दिली. म्हटलं, सांगणारं कुणीतरी असावं."

मग ते थोडे अडखळले. त्यांना काही मागायची सवय नव्हती. "बाई, एक काम होतं. घंटांचं मी वर्गात सांगतो. पण त्याला तीस वर्षं झाली. पोरं म्हणतात, तेव्हाचे दिवस वेगळे होते. तुमची पेटी ताजी आहे. शिवाय तुम्ही एवढ्या शिकलेल्या. एका बुधवारी येऊन दहा मिनिटं सांगाल? रंधा मारल्याचं? तुम्ही सांगितलंत तर पान अकरा वाचतील."

"येईन की," बाई म्हणाली. "त्यात काय."

पहिल्या बुधवारी बाईला सर्दी झाली. दुसऱ्या बुधवारी नणंदेला डॉक्टरकडे न्यायचं होतं. नणंद म्हणाली, "माझी वेळ संध्याकाळची आहे, वहिनी, वर्ग सकाळी असतो." बाई म्हणाली, "आधी जाऊन नंबर लावायला नको?" तिसऱ्या बुधवारी ती खरंच निघाली, इस्त्रीची साडी नेसून. पहिल्या मजल्यापर्यंत चढली. वरून साहेबांचा आवाज येत होता, घंटांचं चाललं होतं. कुणीतरी हसलं. बाई कठड्याला धरून उभी राहिली. छत्तीस वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली ही बाई, आणि मला कळत नव्हतं, तीस अनोळखी माणसांपुढे एवढं सांगायला कुठला शब्द आधी घ्यायचा. ती खाली उतरली आणि खिडकी चारपाशी रांगेत जरा वेळ उभी राहिली, कुणी पाहिलं तर काहीतरी काम होतं असं वाटावं म्हणून.

पावसाळ्यानंतर गेली तेव्हा साहेबांची बदली झाली होती. शिपायानं सांगितलं, साहेब जाईपर्यंत दर बुधवारी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे : 'शेवटची दहा मिनिटं – पेटी, बाई सांगतील.' वर्ग संपला की स्वतःच पुसायचे.